भागूकाकीचं नाक

आमच्या भागूकाकीला गावात जेवढा मान होता, त्याच्या दुप्पट तिच्या नाकाला होता. कुणाच्या घरी तुपाच्या डब्याबद्दल शंका आली, नव्या तांदळात जुना मिसळलाय असं वाटलं, सुकटीला हवा लागली का ते कळेना, की पोरीला पिटाळायचे, "जा, भागूबायला बोलावून आन." काकी हातातलं काम टाकून जायची. डब्यावर वाकायची, डोळे मिटायची. जमलेल्या बाया श्वास धरून उभ्या. मग काकी डोळे उघडून सांगायची, "तूप चांगलं हाय. डबा नीट घासलेला नाय." डबा ज्या सुनेने घासलेला असायचा तिची त्या दिवशी धडगत नसे.

माझ्या लग्नाच्या वेळचीच गोष्ट. एक मुलगा मला बघायला आला होता. काकी त्याला पाणी देऊन आत आली आणि आईच्या कानाला लागली. "वहिनी, पोराने तोंडात वेलदोडा ठेवलाय. पोरगी बगाला येताना वेलदोडा कोन खातो? ज्याला दुसरा वास लपवायचा असतो तो." झालं, ते स्थळ तिथंच मोडलं. मला मुलगा बरा वाटला होता, पण काकीच्या नाकापुढे माझ्या डोळ्यांना कोण विचारतो?

भागूकाकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची, हरेश्वरकाकांची बायको. वसईच्या खाडीकाठी आमचं गाव. घरापुढे भाताची खाचरं, त्यापलीकडे मिठागरं आणि मग खाडी. आई-वडील गेल्यावर काका-काकीचं घर हेच माझं माहेर. मी कल्याणला असते, तिथल्या मराठी शाळेत शिकवते. दिवाळी सासरी आणि नाताळची सुट्टी माहेरी, असा माझा वर्षाचा शिरस्ता. खरं सांगायचं तर माहेरी जायचे दिवस तेच. भात घरात आलेलं असतं, बांधावर वालपापडी लगडलेली असते, चिंबोऱ्या भरलेल्या असतात आणि काकीला बोलायला सवड असते.

दोन हजार एक साली मी सोमवारी, नाताळच्या आदल्या दिवशी, माझ्या उन्नतीला घेऊन गेले. रिक्षातून उतरले तर ओट्यावर काकी आणि तिची सून तेजस्वी अगदी मांडीला मांडी लावून शेंगा सोलत बसलेल्या. मी बघतच राहिले.

कारण आदल्या वर्षीचं मला चांगलं आठवत होतं. मितेशचं, म्हणजे काकीच्या मुलाचं, तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. तेजस्वी विरारच्या चंदनसारची, फ्लॅटमध्ये वाढलेली. तिच्या माहेरी मासळी म्हणजे महिन्यातून एकदा तळलेला पापलेट. इथं काकीने तव्यावर जवळा टाकला की ही पदर नाकाला लावून थेट अंगणात. काकी आतून ओरडायची, "ए बिल्डिंगवाले, जेवाला तरी आत ये, का ताट गच्चीवर पाठवू?" आमच्या घराला गच्ची नाही.

आणि या वर्षी? "तेजू, ए तेजू, जरा इकडं ये गो." दर अर्ध्या तासाला तेजू. मसाल्याचा डबा उघडला की तेजू. दूध तापलं की तेजू. काकी तिच्या नाकाशी डबा धरायची आणि मास्तरणीसारखी विचारायची, "सांग बगू, कसा वास येतो?"

तेजस्वी मनापासून हुंगायची. "थोडासा कुबट आहे, आई."

"शाब्बास! मना वाटलंच." आणि डबा उन्हात जायचा.

रात्री जेवताना हरेश्वरकाका मला म्हणाले, "बगितलंस विनया? नाक शिकवते सुनेला. शुक्रवारी पापडी गावच्या बाजाराला बी तिलाच घेऊन जाते. मना तीस वर्सांत एकदा नेला नाय."

"तुमाला नेऊन काय करू?" काकी त्यांच्या ताटात भाकरी टाकत म्हणाली. "तुमी सुकटीपेक्षा कोळनीकडं जास्त बगता."

त्या रात्रीचं जेवण काय सांगू! तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, पापुद्रा सुटलेली. चिंबोऱ्यांचं कालवण, ओल्या लसणीच्या पातीचा ठेचा आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. उन्नतीने चिंबोरीची नांगी फोडताना रस्सा माझ्या साडीवर उडवला, तरी मी रागावले नाही. पण बोंबील तोंडात घातला आणि मी थबकले. जरासा उतरलेला होता. काकीच्या घरी? मी काकांकडे पाहिलं. ते मान खाली घालून मुकाट चावत होते. मला वाटलं, माझंच तोंड प्रवासाने बिघडलं असेल.

मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून देवापाशी दिवा लावला आणि चहा करायला म्हणून आत गेले. काकी चुलीकडे पाठ करून उभी होती. हातात हिंगाची डबी. तिने ती नाकाला अगदी टेकवली होती, डोळे गच्च मिटले होते आणि जोरजोरात श्वास घेत होती. एकदा, दोनदा, पाचदा. मला दारातूनच हिंगाने ठसका लागला, आणि तिला शिंकसुद्धा येईना.

"काकी?"

डबी हातातून सुटली. हिंग जमिनीवर.

"हळू बोल गो!" तिने मला हाताला धरून कोठीत ओढलं. "कोनाला बोलशील तर बग."

"काय झालंय?"

"नाक गेलं."

मी तिच्या नाकाकडे पाहिलं. ती वैतागली. "दिसतं तिथंच हाय ते. आतून गेलं. गनपतीत ताप आलता ना मना? ताप गेला तो जाताना नाक घेऊन गेला. चार महिने झाले. फुलाचा नाय, शेनाचा नाय, कसला म्हनून वास नाय."

"मग डॉक्टरकडे जायचं."

"जाऊन काय सांगू? डॉक्टर, माझं नाक सुकट हुंगत नाय?"

"निदान काकांना तरी सांग."

"त्यांना सांगतलं तर सांजच्याला अख्ख्या गावाला ठावं." मग ती तांदळाच्या कणगीला टेकून बसली आणि तिचा आवाज उतरला. "हसतील तर हसू दे गो. पन मग मना बोलवील कोन? भाकऱ्या काय, सगळ्याच बाया थापतात. वास घ्यावाला बोलावतात म्हनून चार घरी माझं जानं-येनं. नाकच नाय तर मी कोन? हरेश्वरची बायको."

मला वाईट वाटलं, पण एक कोडं सुटेना. "मग चार महिने निभावलंस कसं?"

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडी लबाडी आली. "तेजू हाय ना. आता तीच माझं नाक."

आणि तिने मला सगळी युक्ती सांगितली. घरात डबा समोर धरून 'सांग बगू' म्हणायचं, की पोरगी आपणच उत्तर देते. बाजारात तर विचारायलाही लागत नाही. सुकटीच्या टोपलीपासून तेजू एक पाऊल मागे सरली, तर माल चांगला. दोन पावलं सरली, तर जुना. आणि तीन पावलं सरून पदर लावला, तर तो माल कुणाच्या घरी जाता कामा नये. "अगदी तराजूच्या काट्यासारखी हाय गो! तिला ठावं नाय, पन सोन्याचं नाक हाय पोरीचं. आपल्यात जन्मलेली असती तर वास अंगवळनी पडला असता, काय उपयोग नव्हता."

"आणि कालचा बोंबील?"

"तो घेतला तवा ती म्हायेरी गेलती," काकी ओशाळून म्हणाली.

"काकी, तिला वाटतंय तू तिला शिकवतेस."

काकी माझ्याकडे न बघता हिंग गोळा करू लागली. "शिकतेच हाय की." जरा थांबून म्हणाली, "जीवदानीची आन घे. कोनाला बोलनार नाय."

मी आईची शपथ एकवेळ मोडेन, पण जीवदानी देवीची नाही. घेतली.

बुधवारी उकडहंडी करायची होती. नाताळच्या सुट्टीत मी आले की एकदा उकडहंडी होतेच. मातीच्या मडक्यात वालपापडी, रताळी, कोनफळ, छोटी वांगी, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा असं सगळं खोबरं-मिरची-ओल्या लसणीचं वाटण आणि ओवा लावून भरायचं. पाण्याचा थेंब नाही. मडक्याचं तोंड ओल्या पाल्याने गच्च बांधायचं, कापलेल्या शेतात ते उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, शेण्या रचून पेटवायचं. यात अवघड एकच गोष्ट, मडकं काढायचं कधी. आत काय चाललंय ते दिसत नाही. आधी हिरवा, कच्चा वास येतो. मग एका क्षणी वास फिरतो आणि गोड होतो. तेव्हाच काढायचं. जरा उशीर झाला तर करपतं, आणि लवकर काढलं तर संपलंच, कारण एकदा पाला सुटून वाफ गेली की मडकं परत लागत नाही. आमच्याकडे हा क्षण काकी सांगते. तिने 'काढा' म्हटल्याशिवाय काठीला हात लावायची कुणाची छाती नाही.

आणि बुधवारी सकाळी तेजस्वी उठली तीच शिंकत. नाक लालबुंद, आवाज घोगरा, 'न'चा 'द' आणि 'म'चा 'ब' झालेला.

काकीचा चेहरा असा पडला की मितेश घाबरला. "आई, सर्दी आहे, न्यूमोनिया नाही."

"तू गप बस! जा, तुलस घेऊन ये." आणि मग दुपारपर्यंत तेजस्वीची जी सेवा झाली ती मी माझ्या बाळंतपणातही अनुभवली नाही. आल्याचा काढा, ओव्याची पुरचुंडी, तीन वेळा वाफ. दर वाफेनंतर काकी गुळाचा खडा तिच्या नाकाशी धरायची. "येतो वास?"

"दाही, आई."

"परत घे वाफ."

तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, सख्खी आई पड एवढं करत दाही." मी नजर चुकवून शेंगा निवडायला घेतल्या.

तीन वाजता काकीने मला गोठ्यामागे गाठलं. "आता तूच सांभाळ. विस्तवाजवळ बस. वास गोड झाला की खोक."

"मला नाही जमणार गं काकी. मला कुठं कळतं?"

"हिरवा नि गोड कळत नाय? शाळेत पोरांना काय शिकवतेस? एकदाच खोक. बाकी मी बगते."

चार वाजता शेतात जाळ पेटला. काकांनी, मितेशने काटक्या सारख्या केल्या. मितेशने पाल्याखाली चार अंडीही घातली होती. तेजस्वी मफलर गुंडाळून काकीला चिकटून बसली. काकांनी मनगट वर केलं. माणिकपूरहून घेतलेलं नवं घड्याळ होतं. "चार वाजून पाच. पाऊन तास लागतो. उगीच हुंगत बसायचं काम नाय."

"घड्याळाला नाक असतं का?" काकी म्हणाली आणि दरवर्षीसारखी डोळे मिटून, मान ताठ करून बसली.

मी विस्तवापाशी. पहिली वीस मिनिटं धूर खाडीकडे जात होता. ओल्या पाल्याचा, शेंगांचा कच्चा हिरवा वास येत होता. मनात म्हटलं, जीवदानी माते, आज माझ्या नाकात ये. आणि नेमका तेव्हा वारा फिरला. धुराचा लोट सरळ माझ्या तोंडावर. मी श्वास धरला. पदर लावला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. छातीत कळ आली. किती वेळ धरणार? शेवटी जो ठसका सुटला तो सुटलाच. एकदा नाही, दहा वेळा.

मी खोकता खोकता दोन्ही हात हलवून काकीला 'नाही, नाही' खुणा करत होते. पण ती कशी बघणार? वास घेताना तिचे डोळे मिटलेले.

"काढा!" काकी म्हणाली.

"अगं, पंचवीस मिनिटं झालीत," काका म्हणाले.

"काढा बोलले ना! आज लवकर फिरला वास."

तिच्या शब्दापुढे काय बोलणार? मितेशने काठीने मडकं बाहेर ओढलं, पाला सोडला. हिरवीगार वाफ वर गेली. मला तर तेव्हाच कळलं. काकांनी एक रताळं उचललं, फुंकलं आणि चावलं. कडक् असा आवाज आला.  उन्नतीने अंडं फोडलं तर ते तिच्या फ्रॉकवर ओघळलं.

"भागू," काका म्हणाले, "यो रताळा शिजवलास का नुसता गरम केलास?" आणि मग त्यांना चेव चढला. तीस वर्षं ज्या संधीची वाट बघत होते ती आली होती. "अरे मितेश, नाक म्हातारं झालं तुझ्या आईचं! उद्या गावात सांगतो, आजपासून माझ्या घड्याळाला बोलवा!"

चूक माझी होती. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण शपथ. मी खाली मान घालून बसले. 

बोलली ती तेजस्वी. बंद नाकाने, घोगऱ्या आवाजात. "बाबा, आईंचं चुकणार दाही. बडकंच ओलं असेल. चार बहिने बघतेय बी, आईंचा वास एकदाही चुकला दाही. उलट बला सर्दी झाली दसती तर बी पण सांगितलं असतं. एवढं शिकवलंय त्यांदी बला." आणि सासूचा हात हातात घेतला.

मला वाटतं, काकांचे टोमणे काकीने पचवले असते. मडक्यावर ढकलून मोकळीही झाली असती. पण तो हात तिला झेपला नाही.

"मडकं ओलं नव्हतं," ती म्हणाली. "माझं नाक गेलंय. गनपतीपासून. इनयाला बोललेले, वास आला की खोक. तिला धुराचा खोकला आला." तिने हात सोडवून घेतला. "आनि चार महिने जे चुकलं नाय ते माझं नाय. ते तुझं नाक होतं, तेजू."

 तेजस्वी हळूहळू जुळवत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. डबे. बाजार. सांग बघू. "म्हणजे तुम्ही बला शिकवत दव्हतात," ती म्हणाली. "बी बागे सरले की..."

"हो."

"बला वाटलं..." ती उठली, अर्धं कच्चं सगळं टोपात भरलं आणि म्हणाली, "कुकरला लावते."

उकडहंडी कुकरला! एरवी काकीने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिने टोप उचलायला हात लावला, तर तेजस्वी म्हणाली, "राहू द्या."

काका मात्र वेगळ्याच विचारात होते. "भागू, म्हंजे ते बोंबील खरंच खराब होते?"

"कवाचे?"

"परवाचे. आनि दसऱ्याच्या आधीची ती सुकी कोलीम. मना वाटलं माझीच जीभ बिघडली. माणिकपूरला जाऊन डॉक्टरला जीभ दाखवून आलो मी! त्याने गोळ्या दिल्यात. अजून खातोय."

मितेश हसायला लागला, मग मीही. काकीही हसली, पण एक डोळा घराकडे. आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. तीन शिट्ट्यांची ती उकडहंडी आम्ही मुकाट्याने खाल्ली. शिजली छान होती. धुराचा वास मात्र नव्हता, आणि तो नाही हे काकी नि तेजस्वी सोडून सगळ्यांना कळत होतं.

गुरुवार मार्गशीर्षातला. तेजस्वीने पहाटे आंघोळ करून कलश मांडला, पाच प्रकारची पानं लावली, पोथी वाचली. काही चुकलं नाही. सासूला नमस्कारही केला. पण दिवसभरात 'आई, पाणी', 'आई, साखर संपलीय' एवढंच. काकीने दोनदा डबा उघडला, 'ते...' म्हणाली आणि परत बंद केला. मी देवीपुढे बसले होते. देवीला काय मागावं ते मला सुचेना. नाक परत मागावं, तर ते काकीला हवं होतं. पण घरात जे बिघडलं होतं ते नाकाने सुधारणार नव्हतं. शेवटी म्हटलं, तूच बघ बाई. संध्याकाळी उपास सोडताना तेजस्वीने केलेली तांदळाची खीर काकीने तीन वाट्या घेतली. "गोड झालीय," ती म्हणाली. "गोड तरी कळतं मना." तेजस्वीने मान हलवली आणि भांडी उचलली.

शुक्रवारी सकाळी काकी बाजाराची पिशवी घेऊन, लुगडं नेसून दारात उभी. "तेजू, चल."

तेजस्वी केर काढत होती. सर्दी तशीच. "बाझं दाक बंद आहे."

"मना ठावं हाय."

"बग कशाला देताय? ताईंना घेऊन जा, त्यांचं चालतंय."

"इनया येतेच हाय. तू चल." काकीने पिशवीचे बंद या हातातून त्या हातात केले. "चार महिने तुला घेऊन जाते. आता एकटीने जावाला करमत नाय. रिक्षात बोलनार कोनाशी? ही शाळेचंच सांगत बसते."

मी रागावायला हवं होतं, पण नाही रागावले. तेजस्वीने केरसुणी कोपऱ्यात ठेवली, सावकाश हात धुतले आणि चपला घातल्या. 

पापडीचा बाजार नाताळच्या आठवड्यात फुललेला होता. क्लेमेंटीन म्हणून एक कोळीण आहे, काकीची जुनी सुकटवाली. गळ्यात क्रूस, केसांत अबोली, आणि आवाज असा की पलीकडचा भाजीवाला दचकावा. आम्हाला बघताच तिने डब्यातली नाताळची करंजी काढून काकीच्या हातावर ठेवली. "तोंड गोड कर, भागू. आनि यो जवळा बग. कालचा सुकवलेला."

दोन-तीन बाया लगेच थांबल्या. काकी काय म्हणते यावर त्यांची खरेदी ठरायची. काकी टोपलीवर वाकली. सवयीने डोळेही मिटले. मी म्हटलं, आता मी पुढे होऊन काहीतरी करावं. तेवढ्यात तिने डोळे उघडले.

"क्लेमेंटीन, माझं नाक गेलंय. चार महिने झाले. मना कसला वास येत नाय."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. क्लेमेंटीनने कमरेवर हात ठेवले. "देवा! म्हंजे चार महिने मी तुला भिऊन चांगला माल आनला तो फुकट?" आणि ती अशी खदखदून हसली की काकीलाही हसू फुटलं. पण त्या दोन बाया पुढच्या टोपलीकडे निघून गेल्या, ते काकीने पाहिलं. मीही पाहिलं.

तेजस्वीनेही पाहिलं असावं. ती पुढे आली, टोपलीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, वास सोडला तर कसं ओळखायचं?"

काकीने पिशवी खाली ठेवली. मग पदर खोचून तिच्या शेजारी बसली. "हात घाल."

तेजस्वीने हात घातला. जवळ्यात! कोपरापर्यंत! वर्षभर जी अंगणात पळायची, तिला आज नाक बंद असल्याने काही कळतच नव्हतं. काकी सांगू लागली, मूठ वळ, कुरकुर आवाज आला पाहिजे. दमट असला तर मुठीला चिकटतो. रंग बघ, गुलाबी हवा, पिवळा पडला तर जुना. तळाची मूठ काढ, वाळू हाताला लागते का? आता बोंबील. मोड. कट्कन मोडला तर सुकलाय, वाकला तर ठेव खाली. पोटाकडं बघ, तिथं काळा असला तर मीठ कमी. क्लेमेंटीन ओरडत होती, "ए भागू, माझी टोपली हाय, शाळा नाय!" आणि या दोघी एकेक टोपली उलथीपालथी करत होत्या.

"यो?" काकी विचारायची.

तेजस्वी मोडून बघायची. "वाकतोय."

"मग?"

"दको."

"शाब्बास!" आणि हे शाब्बास काकीने तिच्याच तोंडाकडे बघत म्हटलं.

जाताना नेहमीच्या दुप्पट खरेदी झाली. जवळा, बोंबील, वाकट्या, सोडे. तेजस्वीने तर चंदनसारला आईसाठीही एक पुडा घेतला, म्हणाली, "तिलाही शिकवते." त्या आईचं काय झालं असेल देव जाणे.

परतताना रिक्षात त्या दोघी कडेला, मी मधे, आणि सगळ्या पिशव्या माझ्या मांडीवर. माणिकपूरच्या पुढे रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं, मग मान बाहेर काढली आणि तशीच बाहेर ठेवून रिक्षा चालवू लागला. शेवटी न राहवून म्हणाला, "ओ ताई, पिशवीचं तोंड तरी बांधा ना. दिवसभर पॅसेंजर बसणार नाही माझ्या गाडीत."

"का, काय झालं?" काकीने विचारलं.

"कसला वास येतोय का?" तेजस्वीने विचारलं.

मी पदराने नाक दाबून बसले होते, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, खांदे उडवले आणि माझ्या डोक्यावरून पुन्हा बोलायला लागल्या. सोड्यांची खिचडी करायची की वांग्यात घालायचे, ते घर येईपर्यंत ठरत नव्हतं.